डॉक्टर आलेम्ला यांना, रात्रपाळीत

बसा मॅडम. चहा घ्या आधी.
इंग्रजी तुमचं फार चांगलं आहे,
आमच्या मोठ्या साहेबांपेक्षा चांगलं,
म्हणूनच तर गोंधळ होतोय.

सकाळी बिराजदार मावशी म्हणाल्या, "मला बीपी हाय,"
तर तुम्ही म्हणालात, ते सगळ्यांनाच असतं.
खरंय. पुस्तकात सगळ्यांनाच असतं.
इथं ज्याचं चढलं त्यालाच बीपी असतं,
शुगरसुद्धा तसंच.
ताप मात्र अजून मराठीत येतो.

सिझर म्हणजे कात्री नाही,
पोट कापून आलेलं बाळ.
रिपोर्ट 'नील' म्हणाले तर हसा त्यांच्याबरोबर,
काही सापडलेलं नसतं.
आणि गॅस! तो पोटात धरतो, छातीत चढतो,
पाठीतून फिरून गुडघ्यात उतरतो,
सात रस्त्यावरच्या रिक्षावाल्यासारखे
त्याला सगळे बोळ माहीत.
खोडून काढू नका. गुडघ्याला हात लावून बघा.

मंद्रूपहून एसटीनं आलेला माणूस
"एक सलाईन लावा की" म्हणतो,
तेव्हा तो औषध मागत नाही.
गोळी घेऊन परत गेला तर
गावात दवाखाना झाला असं कोण म्हणेल?

मी साखर पेठेतली. राजम्मा चिप्पा, तेहेतीस वर्षं याच वॉर्डात.
घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी,
आणि इंग्रजी आली मिलच्या गेटातून,
नान्नांच्या डब्याबरोबर, पिशवीत.
बीम, बॉबिन, मस्टर, शिफ्ट.
सही करायला अंगठा होता नान्नांना,
आणि मरेपर्यंत वाटत होतं
हे सगळे तेलुगू शब्द आहेत.

मिल गेली, मग घरातच दोन लूम.
चादरीच्या खडखडाटात आम्ही जेवलो, अभ्यास केला, भांडलो.
रात्री नान्ना बटण खाली करायचे
आणि कानात एकदम खड्डा पडायचा.
त्या खड्ड्यात हळूहळू
शेजारच्यांचं बोलणं यायचं, नळाचं ठिबकणं,
आईचा श्वास.

आता नीट ऐका. हा शब्द महत्त्वाचा.
आमच्याकडं माणूस ऑफ होतो.
"मामा ऑफ झाले," असं सांगतात, पत्रिकेवरचं लग्न पुढं ढकलतात.
हसू येईल तुम्हाला, पहिल्यांदा. येऊ देऊ नका.
कुठून आला शब्द, मला ठाऊक नाही.
मी आपली ते बटण धरून चालते.

मागच्या मंगळवारी म्याकल अण्णा गेले,
तेव्हा तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, वी लॉस्ट हिम.
किती हळू म्हणालात, मी बघितलं.
पोरगा बारावी पास. त्यानं आईला सांगितलं,
"हरवले म्हणायलेत."
म्हातारी उठली, चपला घातल्या,
आणि शोधत शोधत खाली एक्स-रेच्या दारापर्यंत गेली.
मीच आणली परत.
तुम्हाला सांगितलं नव्हतं. आज सांगते,
कारण मघापासून तुम्ही बारा नंबरचा मॉनिटर बघताय
आणि मी तुम्हाला.

त्याची बायको जिन्यात बसलीय, हिरव्या शालीत.
पहाटेपर्यंत वेळ येईल.
मी असेन शेजारी. पण सांगायचं तुम्हीच,
ती तुमचं तोंड ओळखते.

म्हणा बघू एकदा. ऑफ.
इतकं स्वच्छ नको, दात लावू नका ओठाला.
दोन्ही ओठ जवळ घ्या,
चहा निववताना फुंकतो तसं.
हां. आता 'झाले' जोडा.
झाला नाही, झाले. मजूर असला तरी.

आणि तुमच्या डोंगरात काय म्हणतात हो?
परत सांगा.
नाही येत माझ्या जिभेला. परत.

चहा राहिलाच तुमचा.
असू दे. बेल वाजतेय, चला.